मग्दालीयेच्या कपाळावरचा शिक्का

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



काल गटचर्चेत एक ताई म्हणाली, "येशूनं मग्दालीयेसारख्या वेश्येलासुद्धा जवळ केलं, मग आपल्या संस्था अशा बायकांना दारात का उभं करत नाहीत?" तिचा प्रश्न रास्त होता, उदाहरण मात्र चुकीचं होतं. मरीया मग्दालीया वेश्या होती असं बायबलमध्ये कुठंही लिहिलेलं नाही. मी हे सांगितल्यावर इतक्या जणींना आश्चर्य वाटलं की संयोजकांनी आज मलाच बोलायला उभं केलं.

मी काही धर्मशास्त्राची अभ्यासक नाही. एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून बायकांच्या समुपदेशनाचं काम करते. पण मी ख्रिस्ती घरात वाढले. आमच्याकडे ईस्टरच्या नाटकात मग्दालीयेला लाल साडी आणि मोकळे केस ठरलेले. ते काम आपल्या मुलीला मिळू नये म्हणून आया धडपडायच्या. मीही तेच खरं मानून मोठी झाले. पुढे चारही शुभवर्तमानं स्वतः वाचून काढली, तेव्हा लक्षात आलं की नाटकातली बाई पुस्तकात नाहीच.

मग पुस्तकात कोण आहे? लूकच्या आठव्या अध्यायात येशूबरोबर गावोगाव फिरणाऱ्या बायकांची नावं आहेत. मरीया मग्दालीया, हेरोदाच्या कारभाऱ्याची बायको योहान्ना, सूसान्ना आणि इतर पुष्कळ जणी. या बायका स्वतःच्या पैशातून त्या सगळ्यांचा खर्च चालवत होत्या. मरीयेतून सात भुतं निघाली होती, असंही लूक सांगतो. पण तो हे आजारातून बऱ्या झालेल्या बायकांबद्दल बोलताना सांगतो. तिथं चारित्र्याचा विषयच नाही. येशूला क्रुसावर दिलं तेव्हा ती तिथं होती. रिकाम्या कबरीपाशी गेलेल्यांत चारही शुभवर्तमानं तिचं नाव घेतात. योहानाच्या म्हणण्याप्रमाणे उठलेला येशू पहिल्यांदा तिला दिसला आणि ही बातमी इतरांना सांगायला त्यानं तिला पाठवलं. लूक पुढे असंही सांगतो, की बायकांनी येऊन सांगितलेलं शिष्यांना वायफळ वाटलं. बाईच्या साक्षीवर विश्वास न ठेवण्याचा हा अनुभव आपल्या ओळखीचा आहे.

मग हा शिक्का आला कुठून? लूकच्या सातव्या अध्यायात एक बाई येशूच्या पायांना सुगंधी तेल लावते. तिला पापी म्हटलंय, पण तिचं नाव दिलेलं नाही आणि तिचं पाप कोणतं तेही सांगितलेलं नाही. योहानाच्या शुभवर्तमानात बेथानीची मरीया येशूच्या पायांना तेल लावते. ती मार्थेची बहीण, म्हणजे वेगळीच बाई. इ. स. ५९१ मध्ये रोममध्ये पोप पहिला ग्रेगरी यानं एका प्रवचनात या दोघी आणि मग्दालीया मिळून एकच बाई केली. सात भुतं म्हणजे सगळे दुर्गुण, आणि ते तेल ती पूर्वी देहाच्या पापासाठी वापरत होती, असा अर्थ त्यानं लावला. पुढे व्यभिचारात पकडून आणलेली बाईही लोकांच्या मनात तिच्यातच मिसळली. तिचंही नाव बायबलमध्ये नाही.

हा कुणाचा कट होता असं मी म्हणणार नाही. रोम तेव्हा पूर आणि प्लेगमधून नुकतं बाहेर पडत होतं. पश्चात्तापाला क्षमा आहे हे ग्रेगरीला लोकांना सांगायचं होतं आणि त्यासाठी त्याला एक उदाहरण हवं होतं. उदाहरण म्हणून बाई सापडली आणि पाप म्हणून तिचं शरीर. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चनं मात्र या बायका वेगळ्याच ठेवल्या. पश्चिमेत चित्रकारांनी आणि प्रवचनकारांनी हजारभर वर्षं ती रडणारी, केस सोडलेली बाईच घोटवली.

याची किंमत पुढे जिवंत बायकांनी मोजली. १७६७ साली डब्लिनमध्ये 'पतित' स्त्रियांसाठी मग्दालीयेच्या नावानं एक आश्रयगृह सुरू झालं. पुढे आयर्लंडमध्ये अशी अनेक गृहं निघाली आणि तिथं कपडे धुण्याचे कारखानेच झाले. अविवाहित माता, अनाथ मुली, घरच्यांना नकोशा झालेल्या मुली तिथं बिनपगारी राबल्या. १९२२ ते १९९६ या काळात सुमारे दहा हजार बायका तिथं होत्या, असं सरकारी चौकशीत पुढे आलं. १९९३ साली डब्लिनमधल्या अशाच एका मठाची जमीन विकताना १५५ बायकांचे अवशेष उकरून काढावे लागले. अनेकींच्या मृत्यूची रीतसर नोंद नव्हती, काहींची खरी नावंही कागदावर नव्हती. शेवटचं गृह १९९६ साली बंद झालं आणि २०१३ साली आयर्लंडच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली.

चर्चनं आपली चूक दुरुस्त केली का? केली, पण सावकाश. १९६९ साली कॅथलिक चर्चनं सणांची दिनदर्शिका सुधारली, तेव्हा मग्दालीया त्या पापी बाईपासून वेगळी झाली. २०१६ साली २२ जुलै या तिच्या दिवसाला प्रेषितांच्या सणांच्या बरोबरीचा दर्जा मिळाला. पण नाटकातली लाल साडी काही उतरली नाही. आणि २००३ साली एका गाजलेल्या इंग्रजी कादंबरीनं तिला येशूची बायको करून टाकलं. त्यालाही शुभवर्तमानांत आधार नाही. म्हणजे बाई एक तर वेश्या, नाही तर कुणाची तरी बायको. स्वतःच्या पैशानं आणि स्वतःच्या निर्णयानं काम करणारी कार्यकर्ती हे तिसरं रूप कुणाला सुचतच नाही.

इथं एक गैरसमज नको. मग्दालीया वेश्या नव्हती असं मी म्हणते, ते तिला 'चांगल्या' बायकांच्या रांगेत बसवण्यासाठी नाही. देहविक्रय करणाऱ्या बाईला आपल्या संस्थेचं दार उघडं असलंच पाहिजे. त्यासाठी तिनं आधी पश्चात्ताप करून रडून दाखवायची गरज नाही. माझं भांडण आहे ते बाईला न विचारता तिची गोष्ट लिहिण्याशी.

आणि या भांडणात मी स्वतः निर्दोष नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका निवारागृहात केस पेपर लिहायची. सतरा वर्षांच्या एका मुलीच्या आधीच्या अहवालात 'वर्तन संशयास्पद' एवढेच दोन शब्द होते. मी तिला काही न विचारता ते पुढच्या कागदावर उतरवले. तो कागद दुसऱ्या संस्थेत गेला. तीन वर्षांनी तिला नर्सिंगच्या अभ्यासक्रमाला पाठवायचं ठरलं, तेव्हा तेच दोन शब्द आडवे आले. नातेवाईक अंगचटीला येत होता म्हणून ती रात्री घरातून पळाली होती. 'संशयास्पद' म्हणजे एवढंच. हे तिला कुणी विचारलंच नव्हतं, मीही नाही. ग्रेगरीला नावं ठेवताना मला माझा तो कागद आठवतो.

आपल्या महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या आणि १९२४ साली ते प्रसिद्ध झालं. दुसऱ्यानं सांगितलेल्या अर्थावर न थांबता त्या मुळाशी गेल्या. आपला धर्म कोणताही असो, त्यांच्याकडून एवढं घेता येईल.

म्हणून उद्या केंद्रावर परत गेलात की एक काम करा. कपाटातले जुने केस पेपर काढा. 'संशयास्पद', 'वाईट संगत', 'चारित्र्य ठीक नाही' असे शब्द जिथं दिसतील तिथं पाहा, ते कोणी लिहिले, कशावरून लिहिले, आणि त्या बाईला कुणी विचारलं होतं का. विचारलं नसेल, तर ती अजून भेटण्यासारखी असेपर्यंत तिला बोलवा आणि तिच्या शब्दांत तो कागद पुन्हा लिहा. मग्दालीयेच्या नावापुढचं लिखाण बदलायला जवळजवळ चौदाशे वर्षं लागली. आपल्या कपाटातल्या बायकांना तेवढा वेळ नाही.