शिकवलेला कुत्रा आणि आपलं लेकरू
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेले भाषण)



मागच्या महिन्यात एका गटातून कर्जाची मागणी आली. ताईंचं लेकरू स्वमग्न आहे. बोलत नाही, दार उघडं दिसलं की रस्त्याकडं पळतं. अशा लेकराला कुत्रा अडवतो, असा व्हिडिओ त्यांनी मोबाईलवर बघितला. "तसा कुत्रा घेतला तर मला ऊसतोडीला जाता येईल का?" असं त्यांनी विचारलं. काही जणी हसल्या. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

व्हिडिओतलं काम खरं आहे. पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी १९१६ साली जर्मनीत वाटाड्या कुत्र्यांची शाळा निघाली. पुढं इतर दिव्यांगांसाठीही कुत्रे शिकवू लागले. आपल्याकडं मिनल कविश्वर यांची ॲनिमल एंजल्स फाउंडेशन ही संस्था विशेष मुलांसाठी कुत्र्यांची मदत घेते. हे थेरपी कुत्रे. ते आपल्या माणसाबरोबर येतात, मुलांसोबत वेळ घालवतात आणि परत जातात. सेवा कुत्रा मात्र एकाच्याच घरी राहतो. तो तयार व्हायला साधारण दीड-दोन वर्षं लागतात, आणि शिकवलेले सगळेच पास होत नाहीत.

पारख कशी करतात? पातेलं पडल्यावर कुत्रा दचकला तरी चालतं, पण लगेच शांत होतो का? कान ओढला, अंगावर रेललं, कुणी किंचाळलं तर काय करतो? खाताना जवळ गेलं तर गुरगुरतो का? बाजारात समोर शेळी आली तरी ऐकतो का? हे सगळं आधी मोठी माणसं करून बघतात, तेही वेगवेगळ्या ठिकाणी, पुन्हापुन्हा. लेकराची गाठ त्यानंतर. लेकरू घाबरतं का, मारतं का, हेही बघावं लागतं.

आता ताईंच्या प्रश्नाचं उत्तर. नाही, जाता येणार नाही. उत्तम शिकवलेला कुत्रा असला तरी त्याची दोरी मोठ्या माणसाच्या हातात लागते. लेकरू त्याच्या भरवशावर सोडता येत नाही. म्हणून "ट्रेनिंग झालेला आहे" एवढ्या शब्दावर कुणी कर्ज काढून कुत्रा घेऊ नका.

घरी कुत्रा असेल तर रेबीजची लस दरवर्षी टोचा. गुरगुरला म्हणून मारू नका. गुरगुरणं ही त्याची सूचना असते. ती मारून बंद केली, तर तो न सांगता चावतो. चावलाच तर हळद-चटणी न लावता जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच सरकारी दवाखाना गाठा.

राहिला खरा प्रश्न : तोडीच्या दिवसांत लेकरू कोण बघणार? २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, स्वमग्नता त्यात येते. प्रमाणपत्र काढलं नसेल तर जिल्हा रुग्णालयात चला, मी सोबत येते. दाराला लेकराचा हात पुरणार नाही अशी वर कडी बसवा. आणि ग्रामसंघाचा जोखीम प्रवणता निधी अशाच घरांसाठी असतो. त्यातून लेकरू सांभाळणाऱ्या बाईला मोबदला देता येईल का, हा विषय पुढच्या बैठकीत घ्या. तोपर्यंत प्रत्येक गटानं आपल्या गावातल्या अशा लेकरांची यादी करून आणा. कुणाचं नाव सुटायला नको.