आधी भिंत सुकू द्या
(रौप्यमहोत्सवानिमित्त सभासदांसमोर केलेल्या छोट्याशा भाषणाचा मजकूर)



आपल्या बिल्डिंगला 25 वर्षं झाली. घरोघरी जुनं प्लास्टर उतरवून नवं करणं चालू आहे, म्हणून कमिटीने मला दोन शब्द बोलायला उभं केलंय. मी काही पेंटर नव्हे. चूक करून शिकलेला माणूस आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या हॉलची भिंत नव्याने प्लास्टर केली. पावसाळा होता आणि गणपती पंधरा दिवसांवर. पेंटर म्हणाला, "काका, भिंत ओली आहे, महिनाभर थांबा." मी ऐकलं नाही. वर, पुसता येईल म्हणून ऑइलपेंटचाच हट्ट धरला. गणपतीत सगळ्यांनी वाहवा केली. दिवाळीपर्यंत भिंतीला फुगे आले, पोपडे सुटले, आत पांढरे क्षार. मी पेंटरलाच बोललो आणि त्याचे उरलेले पैसे अडवले.

दोष माझा होता, हे मागाहून समजलं. सिमेंटच्या प्लास्टरला सात-दहा दिवस पाणी मारतात. ते बाहेर पडायला वेळ लागतो. शिवाय नव्या सिमेंटमधली अल्कली ओलीबरोबर मिळून ऑइलपेंटचा अक्षरशः साबण करते. म्हणून निदान 28 दिवस थांबायचं, पावसाळ्यात त्याहून जास्त. खिडक्या उघड्या ठेवायच्या.

ओल ओळखायला फूटभर प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवा. दुसऱ्या दिवशी आतून थेंब दिसले, तर थांबा. पलीकडे बाथरूम असेल तर गळती आधी बघा. क्षार कोरड्या ब्रशनेच झाडा. धुतलेत तर ते पुन्हा भिंतीत जिरतात.

मग पॉलिश पेपर मारून धूळ झाडायची. पुट्टीचे दोन पातळ हात, पुन्हा पेपर, प्रायमर आणि शेवटी इमल्शनचे दोन हात. व्हाइट सिमेंटच्या पुट्टीखाली प्रायमर लागत नाही, वर मात्र हवाच. प्रत्येक हात वाळल्याशिवाय पुढचा नाही.

पुढे ती भिंत खरवडून पुन्हा केली. त्याच पेंटरला बोलावलं आणि आधी जुने पैसे त्याच्या हातावर ठेवले. तो हसून म्हणाला, "काका, या वेळी मी सांगेन तेव्हाच हं!"

भिंत अजून छान आहे. चहाला या, दाखवतो.