वगळलेला खेळाडू : हर्ब ब्रुक्स यांची वाटचाल



हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मैदान आणि मेजर ध्यानचंद उभे राहतात. आज ज्यांची ओळख करून घ्यायची आहे, त्यांची हॉकी मात्र बर्फावरची. पायांत धारदार पात्यांचे स्केट्स, चेंडूऐवजी रबरी चकती, एका वेळी प्रत्येक बाजूचे सहा खेळाडू आणि वीस-वीस मिनिटांची तीन सत्रे. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात हिवाळ्यात तळी गोठतात; तेथील मुले हा खेळ लहानपणापासूनच खेळतात.

हर्ब ब्रुक्स यांचा जन्म याच राज्यातील सेंट पॉल येथे ५ ऑगस्ट १९३७ रोजी झाला. मिनेसोटा विद्यापीठाच्या संघातून १९५५ ते १९५९ या काळात ते खेळले. पुढे १९६० च्या हिवाळी ऑलिंपिकच्या संघात त्यांची निवड झाली. परंतु स्पर्धा तोंडावर आली असताना दुसऱ्या एका खेळाडूसाठी जागा करावी लागली, आणि सर्वांत शेवटी वगळले गेले ते ब्रुक्स. त्याच संघाने स्क्वॉ व्हॅली येथे अमेरिकेला आइस हॉकीतील पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले. तो विजय ब्रुक्स यांनी घरी, वडिलांच्या सोबत दूरचित्रवाणीवर पाहिला. प्रशिक्षकाने नेमका योग्य मुलगाच वगळलेला दिसतो, असे वडील त्या वेळी म्हणाले, ही आठवण ते पुढे सांगत असत. थट्टाही असेल ती. मुलाच्या मनातून मात्र ती गेली नाही.

१९६४ आणि १९६८ या दोन्ही ऑलिंपिकमध्ये ते खेळले, पण पदक मिळाले नाही. १९७२ मध्ये आपल्याच विद्यापीठाच्या संघाचे प्रशिक्षकपद त्यांनी स्वीकारले आणि १९७४, १९७६ व १९७९ अशी तीन राष्ट्रीय महाविद्यालयीन अजिंक्यपदे मिळवली.

त्यानंतर त्यांच्याकडे १९८० च्या ऑलिंपिक संघाची धुरा आली. सोव्हिएत संघाने १९६४ पासून सलग चार सुवर्णपदके जिंकली होती, आणि ब्रुक्स यांच्या हाती होती महाविद्यालयांतील तरुण मुले. त्यातही मिनेसोटा आणि बोस्टन येथील मुलांत जुने वैर! ब्रुक्स यांनी मानसशास्त्राचे शिक्षण घेतले होते. मुलांशी त्यांनी इतके कठोर अंतर राखले की सर्वांचा राग एकट्या प्रशिक्षकावर एकवटला आणि आपापसातील तेढ मागे पडली. सप्टेंबर १९७९ मध्ये नॉर्वेत सामना बरोबरीत सुटला, तेव्हा खेळातील ढिलाईबद्दल त्यांनी सामन्यानंतर मुलांना बर्फावर पुन्हा पुन्हा पळवले. सभागृहाचे दिवे मालवले गेले तरी ते थांबले नाहीत. ही पद्धत सर्वांनी अनुकरावी अशी नव्हे. त्या मुलांनाही ती तेव्हा रुचली नव्हती.

संघात जागा वीसच. शेवटचा खेळाडू वगळण्याची वेळ आली तेव्हा वीस वर्षांपूर्वी आपल्याला मिळालेला निरोप ब्रुक्स यांना दुसऱ्याला द्यावा लागला. त्या खेळाडूचे नाव राल्फ कॉक्स. ज्याने तो घाव सोसला होता त्यालाच तो करावा लागावा, याहून अवघड प्रसंग प्रशिक्षकाच्या वाट्याला क्वचितच येत असेल.

स्पर्धेपूर्वीच्या सराव सामन्यात सोव्हिएत संघाने अमेरिकेचा १०-३ असा धुव्वा उडवला. तेरा दिवसांनी, २२ फेब्रुवारी १९८० रोजी, लेक प्लॅसिड येथे तेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले. सोव्हिएत खेळाडूंनी गोलवर ३९ फटके मारले, अमेरिकेने अवघे १६. गोलरक्षक जिम क्रेग यांनी त्यांपैकी ३६ अडवले. तिसऱ्या सत्रात दहा मिनिटे उरली असताना कर्णधार माईक इरुझिओनी यांनी निर्णायक गोल केला आणि अमेरिकेने ४-३ अशी बाजी मारली. बर्फावर जल्लोष उसळला. ब्रुक्स त्यात न थांबता थेट आत निघून गेले. सुवर्णपदक अजून दूर होते. दोन दिवसांनी फिनलंडविरुद्ध पिछाडी भरून काढत संघाने ४-२ असा विजय मिळवला, तेव्हा ते हाती आले.

पुढे व्यावसायिक संघांचे प्रशिक्षकपद त्यांनी अनेकदा भूषवले. १९९८ मध्ये फ्रान्सच्या, तर २००२ मध्ये पुन्हा अमेरिकेच्या ऑलिंपिक संघाला त्यांनी मार्गदर्शन केले. या वेळी रौप्यपदक मिळाले. ११ ऑगस्ट २००३ रोजी मिनेसोटात मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. लेक प्लॅसिडमधील ज्या सभागृहात तो सामना झाला, त्याला २००५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.