सिंगल पेज ॲपचे पत्ते आणि सर्व्हर

सिंगल पेज ॲपमध्ये सर्व्हरवर एचटीएमएलची एकच फाइल असते: इंडेक्स डॉट एचटीएमएल. ती एकदा उघडली की पुढची पाने जावास्क्रिप्ट ब्राउझरमध्येच तयार करते. ग्रंथालयाच्या ॲपमध्ये एखाद्या पुस्तकावर क्लिक केले, तर हिस्टरी एपीआयमधले पुशस्टेट फंक्शन वरच्या पट्टीतला पत्ता बदलून ‘/बुक्स/42’ करते. या बदलासाठी सर्व्हरकडे कोणतीही विनंती जात नाही.

अडचण येते ती पान रिफ्रेश केल्यावर. आता ब्राउझर ‘/बुक्स/42’ थेट सर्व्हरकडे मागतो. त्या नावाची फाइल नसल्यामुळे उत्तर 404 येते. पूर्वी हे टाळायला पत्त्यात हॅशचे चिन्ह (#) घालत, कारण हॅशच्या पुढचा भाग ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही.

हॅश नसलेल्या साध्या पत्त्यांसाठी मात्र सर्व्हरलाच नियम शिकवावा लागतो: फाइल नसेल, तर इंडेक्स डॉट एचटीएमएल द्यायची. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये ट्राय फाइल्स या एका ओळीत तो बसतो. नोडच्या मूळ एचटीटीपी मॉड्यूलवर, फ्रेमवर्क न घेता, तोच नियम थोड्या ओळींत लिहिता येतो. त्यात क्रमाला फार महत्त्व आहे.

आधी पत्ता डीकोड करून तो ठरलेल्या फोल्डरच्या बाहेर जात नाही ना, हे तपासायचे. नाहीतर दोन टिंबांच्या आधाराने कोणीही वरच्या फोल्डरमधल्या फाइल वाचू शकेल. ‘/एपीआय’ने सुरू होणाऱ्या, म्हणजे डेटा मागणाऱ्या, विनंत्या वेगळ्या काढायच्या. मग फाइल शोधायची. सापडली तर योग्य कंटेंट-टाइपसह द्यायची. फाइल नसेल आणि पत्त्याच्या शेवटी डॉट जेएससारखे एक्स्टेन्शन असेल, तर सरळ 404. उरलेल्या पत्त्यांनाच इंडेक्स डॉट एचटीएमएल द्यायची.

एक्स्टेन्शनची ही पायरी गाळली, तर हरवलेल्या स्क्रिप्टच्या जागी एचटीएमएल जाते, तेही 200 या यशाच्या कोडसह. ब्राउझर पहिल्याच कोनी कंसावर अडतो आणि पडदा कोरा राहतो. स्क्रिप्टचा पत्ता तिरक्या रेघेने सुरू न केल्यासही पडदा कोरा राहतो: ‘/बुक्स/42’वरून ब्राउझर ती बुक्स फोल्डरमध्ये शोधतो.

इंडेक्स फाइलला नो-कॅश हेडर लावावा, म्हणजे नवी आवृत्ती आली की ती लगेच दिसते. नावात हॅश (इथे # चिन्ह नव्हे, तर फाइलच्या मजकुरावरून काढलेला कोड) असलेल्या स्क्रिप्ट वर्षभर कॅशमध्ये राहिल्या तरी चालते.

उरलेल्या पत्त्यांना इंडेक्स फाइल देण्याच्या नियमामुळे अस्तित्वात नसलेल्या पानालाही सर्व्हर 200 देतो. म्हणून ‘पान सापडले नाही’ हे ॲपने स्वतः दाखवावे लागते. सर्च इंजिनांनाही खरा 404 मिळायला हवा असेल, तर वैध पत्त्यांची यादी सर्व्हरकडेही ठेवावी लागते.