फुटकी बादली आणि फुटबॉल

विजय बारसे नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक होते. 2001 सालच्या एका पावसात त्यांना झोपडपट्टीतली पोरं दिसली. बॉल नाही म्हणून चिखलात फुटक्या बादलीलाच लाथा मारत होती! सरांनी त्यांना फुटबॉल दिला. खेळात रमली की ही पोरं व्यसनांपासून लांब राहतात, हे त्यांनी हेरलं आणि झोपडपट्टी फुटबॉल सुरू झाला. निवृत्तीचे पैसेही त्यांनी याच कामात घातले. माझ्या मते त्यांची खरी थोरवी इथेच आहे. त्यांच्या ‘स्लम सॉकर’ या संस्थेला 2016 मध्ये फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ हा चित्रपट त्यांच्याच कामावर बेतलेला. मंडळी, आपल्या वस्तीतल्या पोरांना एक फुटबॉल नक्की घेऊन द्या.