पुराचा आकडा आणि आपला उंबरा



पावसाळ्यात रेडिओवर आपण रोज ऐकतो, ‘सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी अमुक फूट, कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी तमुक फूट.’ आपण तो आकडा ऐकतो, वर आभाळाकडं बघतो आणि कामाला लागतो. पण हा आकडा आपल्या गोठ्याला, आपल्या रस्त्याला, आपल्या उंबऱ्याला काय सांगतो, ते थोड्यांनाच माहीत असतं. आज तेवढंच समजून घेऊ.

पहिली गोष्ट. 45 फूट म्हणजे गावात 45 फूट पाणी, असा अर्थ नव्हे. नदीत एका ठरावीक जागी उभी मोजपट्टी असते आणि त्या पट्टीवर पाणी जिथं टेकतं, तो हा आकडा. सांगलीला आयर्विन पुलाजवळ 40 फुटांना इशारा पातळी आणि 45 फुटांना धोका पातळी धरतात. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर इशारा 39 फुटांना आणि धोका 43 फुटांना. इशारा म्हणजे ‘आवराआवर करा’, आणि धोका म्हणजे ‘सखल भागात पाणी येणार’. मात्र तुमची वस्ती सखल असेल तर धोका पातळीच्या आधीच ओढ्यातून पाणी मागं फुगून तुमच्या दारात येईल. उंचावर असाल तर 50 फुटांनाही घर कोरडं राहील, पण रस्ता बंद झालेला असेल. म्हणून सरकारी धोका पातळी एक आणि तुमची स्वतःची धोका पातळी दुसरी. ती तुम्हालाच काढावी लागते.

दुसरी गोष्ट. मागच्या पुराच्या खुणेवर विसंबून राहू नका. 2005 साली सांगलीला कृष्णा सुमारे 54 फुटांपर्यंत चढली. ‘तेव्हा पाणी पायरीला लागून परत गेलं, आता कशाला हलायचं?’ असं म्हणत ऑगस्ट 2019 मध्ये कितीतरी माणसं घरात बसून राहिली. त्या वर्षी पाणी साडेसत्तावन फुटांच्या आसपास गेलं, म्हणजे साधारण साडेतीन फूट जास्त. साडेतीन फूट म्हणजे पायरीवरून थेट चुलीवर आणि धान्याच्या कणगीत. पुन्हा दोन नद्यांचा हिशेबही सारखा नसतो. जुलै 2021 मध्ये सांगलीचं पाणी 2019 पेक्षा कमी राहिलं, पण कोल्हापूरला पंचगंगा 2019 च्याही वर, 56 फुटांपलीकडं गेली. म्हणून आपल्या गावाला कोणत्या ठिकाणचा आकडा लागू पडतो, ते आधी ठरवा. शिरोळ तालुक्यातल्या मंडळींनी तर नृसिंहवाडी आणि राजापूर बंधाऱ्याची पातळीही ऐकावी. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा भरलेली असली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं तुंबतं. दुखणं हत्तीच्या पायानं येतं आणि मुंगीच्या पायानं जातं, तसंच या भागातल्या पुराचं आहे.

आता आपली पातळी काढायची कशी? रीत सोपी आहे. गावात देवळाच्या किंवा शाळेच्या भिंतीवर 2019 च्या पाण्याची खूण असेलच. गवंडी पाया धरताना पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात, ती घ्या. त्या नळीनं देवळावरची खूण आपल्या घरापर्यंत आणा. समजा, तुमचा उंबरा खुणेच्या 5 फूट खाली आहे. सांगलीजवळच्या गावात हा हिशेब साडेसत्तावन वजा पाच, म्हणजे साडेबावन फूट. हा झाला उंबऱ्याचा आकडा. आता गावाबाहेर जाणाऱ्या रस्त्यावरची सगळ्यांत सखल जागा, बहुधा ओढ्यावरची मोरी, ती उंबऱ्याच्या 4 फूट खाली असेल तर रस्त्याचा आकडा साडेअठ्ठेचाळीस. हा हिशेब अंदाजाचा आहे. गाव मोजपट्टीपासून जितकं लांब, तितकी चूक जास्त. म्हणून दीड-दोन फूट हाताशी राखून ठेवा. शिवाय येत्या पावसाळ्यात पाणी चढेल तेव्हा रोजचा आकडा आणि ‘आज पाणी कुठं टेकलं’ हे वहीत लिहा. दोन-तीन वर्षांत तुमच्या गावाचा पक्का तक्ता तयार होईल.

आता सगळ्यांत महत्त्वाचं सांगतो. घर सोडायचं ते उंबऱ्याच्या आकड्यावर नाही, रस्त्याच्या आकड्यावर. घर कोरडं असतं, म्हणून माणूस थांबतो. तोवर मोरी बुडते आणि पाणी उंबऱ्याला लागतं तेव्हा बाहेर पडायला नावेशिवाय मार्ग उरत नाही. ऑगस्ट 2019 मध्ये ब्रह्मनाळला पुरातून बाहेर पडणाऱ्या लोकांची नाव उलटली आणि माणसं बुडून गेली. रस्ता उघडा असताना जनावरं चालत जातात, म्हातारी माणसं गाडीत बसून जातात. रस्ता बुडाला की दोन्ही गोष्टी अवघड होतात.

पाणी ताशी किती चढतंय, तेही बघा. तासाला 3 इंच चढत असेल तर फुटाला चार तास लागतात. वरच्या उदाहरणात 45 फुटांपासून रस्ता बुडेपर्यंत साडेतीन फूट, म्हणजे 14 तास मिळतात. त्यातली रात्र गेली की हातात थोडेच तास उरतात. म्हणून अंधार पडायच्या आत निघा.

प्रत्येक आकड्याला एक काम ठरवून ठेवा. नदीकाठची मोटार आणि स्टार्टरची पेटी इशारा पातळीच्या आधीच वर काढा. वीज बंद केल्याशिवाय मोटारीला हात लावू नका. इशारा पातळीला वैरण, बियाणं, खतं उंचावर हलवा. सात-बारा, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक आणि रोजची औषधं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा. रस्त्याच्या आकड्याला दोन फूट कमी असताना जनावरं, बाळंतीण, लेकरं आणि वडीलधारी माणसं बाहेर काढा. काही कारणानं जनावर मागं राहिलंच, तर त्याचं दावं सोडून द्या. बांधलेलं जनावर जागीच बुडतं, सुटलेलं पोहून उंचवटा गाठू शकतं.

शेवटी एक विनंती. हे तीन आकडे, मोटारीचा, रस्त्याचा आणि उंबऱ्याचा, गोठ्याच्या भिंतीवर तेलरंगानं मोठ्या अक्षरांत लिहा. घरातल्या शाळकरी पोरालाही ते पाठ असू द्या. ग्रामपंचायतीनं मोरीजवळ फुटांच्या खुणांचा एक खांब रोवला तर अख्ख्या गावाची सोय होईल. नदी चढणारच, तिला आपण अडवू शकत नाही. पण ती किती चढल्यावर आपण उठायचं, हे उन्हाळ्यातच ठरवून ठेवणं आपल्या हातात आहे.