मेनकेचं बाळ आणि मळवलीचा छापखाना

कार्ल्याच्या एकवीरा आईला जायचं असो की भाज्याची लेणी बघायची असोत, लोणावळा लोकलनं येणाऱ्या बाया मळवलीला उतरतात. या मळवलीत एके काळी एक छापखाना होता आणि तिथली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं देशभरातल्या देवघरांत जाऊन बसली. राजा रवि वर्मा यांनी तो 1894 मध्ये मुंबईत सुरू केला. शतक संपता संपता तो आपल्या मावळात आला. पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञानं तो विकत घेतला. 1972 मध्ये लागलेल्या आगीत बरंच काही जळून गेलं.

आज आम्हाला बोलायचंय ते त्या छापखान्याच्या पहिल्या चित्राबद्दल. हे पहिलं चित्र कुठल्या देवाचं नव्हतं, ते होतं 'शकुंतलाजन्म'. तुम्ही कुठे ना कुठे पाहिलं असेल. दाढीवाले विश्वामित्र तोंड फिरवून उभे आहेत, हात आडवा धरलाय, जणू 'नको, दाखवूच नकोस'. आणि समोर मेनका, हातात तान्हं बाळ घेऊन.

आम्ही गटात हे चित्र मध्ये ठेवून बसलो तेव्हा पहिला प्रश्न हाच निघाला, की यात चूक कोणाची दिसते? लहानपणापासून आपण ऐकलं की मेनकेनं ऋषींचा तपोभंग केला. आजही एखादी जरा नटून बाहेर पडली की 'आली बघा मेनका' म्हणतात. पण चित्रात तर बाळ बाईच्या हातात आहे आणि पाठ बाप फिरवतोय!

मग आम्ही मूळ गोष्ट काढली. महाभारताच्या आदिपर्वात ती आहे. विश्वामित्रांच्या तपाची भीती इंद्राला वाटली, त्याचं आसन डळमळत होतं. त्यानं मेनकेला पाठवलं. ती आपणहून गेली नाही. उलट ती इंद्राला सांगते, की त्या ऋषीच्या रागाला तू स्वतः घाबरतोस, मग मी कशी घाबरणार नाही? ती वाऱ्याची मदत मागते, स्वतःच्या रक्षणाची काळजी घ्यायला सांगते, मगच जाते. म्हणजे हुकूम मालकाचा, जोखीम बाईची आणि बदनामीही बाईचीच. हे आपल्याला फार परकं वाटायला नको.

एक मात्र खरं, महाभारतातली मेनका बाळ मालिनी नदीच्या काठी ठेवून निघून जाते. पाखरं त्याला सांभाळतात, शकुंत पक्ष्यांवरून नाव पडतं शकुंतला. आमच्यातल्या काहीजणींना हे पटत नाही; आई असं करूच कशी शकते, म्हणतात. त्यावर एकीनं विचारलं, बापानं काय केलं ते का नाही विचारत? कथेत विश्वामित्रांना त्या बाळाबद्दल कोणी जाब विचारत नाही. चित्रकारानं मात्र बापाला बाळासमोर उभं केलं आणि त्याचा तो आडवा हात रंगवला. रवि वर्मांच्या मनात काय होतं ते असो, चित्र बघणाऱ्या बाईला तो हात दिसतोच.

आणि कलंक आईपाशी थांबत नाही. शकुंतला मोठी झाली, मुलाला घेऊन दुष्यंताच्या दरबारात गेली, तर तो ओळखच दाखवत नाही. वर भरसभेत तिच्या आईला वाईट चालीची म्हणतो. तेव्हा महाभारतातली शकुंतला रडत बसत नाही. ती सुनावते, की माझा जन्म तुझ्याहून वरचा आहे, तू जमिनीवर चालतोस, मी आकाशातून जाते. आईचं नाव लपवत नाही ती! पुढे कालिदासानं दुर्वासाचा शाप आणि अंगठी आणली, त्यामुळे राजाचा दोष शापावर गेला. आपल्या पाठ्यपुस्तकांत आणि नाटकांत हीच शकुंतला आली, पायातला काटा काढायच्या निमित्तानं मागे वळून बघणारी. भांडणारी शकुंतला कॅलेंडरवर आम्हाला तरी कधी दिसली नाही.

ही खोड काही आपल्याच कथांची नाही. फसवलं इंद्रानं, शिळा झाली अहल्या. तिकडे ग्रीकांच्या मेदुसेवर समुद्रदेवानं देवळात अत्याचार केला, तर केसांचे साप झाले तिच्याच.

आता चित्रासाठी बसणाऱ्या बायांचं. त्या काळी घरंदाज म्हणवणाऱ्या बाया परक्या चित्रकारासमोर बसत नसत. कलावंत घराण्यातल्या बसल्या. गोव्याकडच्या गायिका अंजनीबाई मालपेकर यांचा चेहरा रवि वर्मांच्या चित्रांत आहे असं सांगतात. त्यांची ओळख बरेचदा 'चित्रातली सुंदरी' एवढ्यावर संपते. खरं तर त्या भेंडीबाजार घराण्याच्या मोठ्या गायिका. कुमार गंधर्व, किशोरी आमोणकर त्यांच्याकडे शिकले. संगीत नाटक अकादमीची फेलोशिप त्यांना 1958 मध्ये मिळाली आणि ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. लक्ष्मीच्या तसबिरीला हळदकुंकू वाहताना, तो चेहरा जिचा तिला आपल्या आज्यांनी ओटीवर तरी येऊ दिलं असतं का, हा प्रश्न आम्हाला अवघड गेला. बराच वेळ कोणी बोललं नाही.

आमच्या गटात नवऱ्यानं टाकलेल्या बाया आहेत. मुलाच्या शाळेत नाव घालताना 'वडील कुठे?' याचं उत्तर चारचौघांत द्यावं लागलेल्या. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांसाठी राज्य सरकारनं नियम केलाय, की सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. त्या हिशेबानं 'शकुंतला मेनका विश्वामित्र' असं लिहावं लागलं असतं. हे आमच्यातली एक म्हणाली आणि सगळ्या हसलो. मोठ्या मुलांच्या कागदांवर आईचं नाव कसं लावायचं, ही विचारणा मात्र आमच्याकडे सारखी येते, त्यावर पुढच्या भागात माहितीतल्या वकीलताई बोलतील.

आणि हो, माळ्यावर जुन्या तसबिरी असतील तर भंगारात देऊ नका. खालच्या कडेला इंग्रजीत रवि वर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा असं बारीक अक्षरात आहे का ते बघा. काहींवर जर आणि टिकल्या लावून साडी सजवलेली असते. तसं काही सापडलं तर आम्हाला जरूर कळवा, आम्ही बघायला येऊ.